पद्मिनीसाठी चरखा: शेडमधल्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, दारं, काचा, वायरिंग, सगळं उतरलं. नागपुरात मानेवाड्यातल्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये आता प्रीमियर पद्मिनीची नुसती बॉडी चार घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उभी आहे. बाबांनी ही गाडी १९९२ मध्ये नवी घेतली. पुढची अठरा वर्षं दर आठवड्याला काटोलच्या शेतावर तीच जायची. त्यानंतर अंगणात ताडपत्रीखाली.

आज दोन तास फ्लोअरखाली पाठीवर पडून तारेचा ब्रश चालवला. हातभर जागा साफ झाली. गॉगल लावूनही गंजाचा चुरा डोळ्यात जातो, खांदे भरून येतात, आणि साफ केलेलं धड दिसतही नाही. ब्रशचं हे असं, मग वेल्डिंगचं तर विचारायलाच नको. डोक्यावरच्या पत्र्याला टाका मारताना वितळलेलं लोखंड खाली ओघळतं, जोडात पाहिजे तेवढं मुरत नाही, आणि ठिणग्या सरळ गळ्यात. पद्मिनीचं निम्म्याहून जास्त दुखणं तळाशीच असतं.

तेव्हा रोटिसरी. दोन टोकांना दोन स्टँड, मधे आडवी बॉडी, आणि ती आपल्या लांबीभोवती पूर्ण फिरवता येते. तळ समोर आणायचा आणि उभ्याने काम करायचं. मिस्त्री काकांना मोबाइलवर फोटो दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हा तर चरखा आहे." वहीत आता चरखाच लिहीन.

१८ फेब्रुवारी

आठवडाभर पर्याय तपासले.

बाहेरून तयार सेट मागवता येतो. पण हे सेट टन-दीड टन भार धरून, तिकडच्या लांबलचक गाड्यांसाठी केलेले असतात. पद्मिनी सगळी मिळून नऊशे किलोंच्या आतबाहेर, आणि मोकळी बॉडी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही नसावी. एवढ्या लोखंडाचं जहाजभाडं आणि ड्यूटी भरून इथे आणण्यात मला अर्थ दिसत नाही.

दोन इंजिन स्टँड समोरासमोर ठेवून त्यांवर बॉडी चढवणारेही आहेत. स्वस्त पडतं. पण त्या स्टँडचा अक्ष जमिनीपासून फार खाली असतो आणि पाय अरुंद. इंजिन हा आटोपशीर गोळा आहे, गाडीची बॉडी तशी नाही. हा पर्याय खोडला.

तिसरा पर्याय कुशीवर वळवणारा पाळणा. यात बॉडी पूर्ण फिरत नाही, एका बाजूला साठ ते नव्वद अंश कलते. याची एक गोष्ट मला मनापासून आवडली. हा पाळणा सस्पेन्शन जिथे बसतं तिथे पकडतो, म्हणजे जिथे गाडीनं वजन घ्यायचं म्हणूनच पत्रा जाड केलेला असतो. अडचण अशी की एक बाजू झाली की खाली उतरवा, पाळणा दुसरीकडे न्या, पुन्हा चढवा. छप्पर आणि काचेच्या खाचा तर तशाच राहतात.

चौथा, स्वतः करून घेणे. मन तिकडेच ओढतंय. पण आधी माप.

२५ फेब्रुवारी

माप घ्यायला बसले आणि दुसराच प्रश्न उभा राहिला.

डाव्या सिलला, म्हणजे दाराखालून जाणाऱ्या पोकळ पेटीला, स्क्रू ड्रायव्हर टेकवला. नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना गंजाचे पापुद्रे पायावर पडले. जॅक लावायच्या जागेच्या मागे वीतभर पत्रा नुसत्या रंगावर उभा होता. उजवी बाजू त्यापेक्षा बरी, पण चांगली म्हणता येणार नाही.

याचा चरख्याशी थेट संबंध आहे. जीपला खाली शिडीसारखी चासी असते, तिच्यावर बॉडी ठेवलेली. पद्मिनीला वेगळी चासी नाही. फ्लोअर, दोन सिल, खांब, छप्पर हेच तिचं हाड. रस्त्यावर तिला चार चाकं चार ठिकाणी उचलून धरतात. चरख्यावर तीच बॉडी फक्त दोन टोकांना लटकते, दोन माणसांनी टोकांना धरलेल्या लांब फळीसारखी. सरळ असताना सिलवर ताण येतो, उलटी केली की त्याच सिलवर दाब. सिलच कुजलेली असेल तर दारांच्या चौकटी एकदा उघडतील, एकदा मिटतील. त्या अवस्थेत नवा पत्रा मारला तर गाडी वाकडीच्या वाकडी कायमची पक्की होईल, आणि कळेल केव्हा? दारं लावायला घेतल्यावर.

मी कॉलेजात पोरांना बीमचं वाकणं फळ्यावर काढून दाखवते. आज तेच माझ्या शेडमध्ये आहे.

३ मार्च

मिस्त्री काका आले. चाळीसेक वर्षं डेंटिंग केलेला माणूस, आता दुकान मुलाकडे. पान्याच्या दांड्यानं पूर्ण तळ ठोकत गेले. जिथे पत्रा जिवंत तिथे ठण्ण, जिथे मेला तिथे भद्द. खडूनं खुणा केल्या. बाबा खुर्ची टाकून बसले होते, प्रत्येक भद्दला मान हलवत होते.

शेवटी काका म्हणाले, "आधी हिचं कंबरडं नीट करून घ्या ताई, मंग चरख्यावर पाह्यजे तितकी फिरवा. अन् दोन्ही बाजू एकाच वेळी कापू नका."

म्हणजे क्रम ठरला. सिल आणि खांबांचे बुडखे जमिनीवरच, घोड्यांवर, लेव्हलमध्ये. फ्लोअरचे तुकडे, साफसफाई, प्रायमर, खालचा रंग हे चरख्यावर. मी याच्या नेमकी उलट सुरुवात करणार होते.

१७ मार्च

दारांच्या चौकटींत २५ मिमीचे चौकोनी पाइप आडवे-तिरपे टाके मारून बसवले. दोन्ही बाजूंच्या खांबांमध्येही एक आडवा. घोड्या लेव्हल पाइपनं एका पातळीत आणल्या. शेडची फरशी पुढून मागे दीड इंच उतरती आहे, हे वीस वर्षांत आज कळलं. कर्ण मोजले, तीन मिलिमीटरचा फरक. तो वहीत आणि भिंतीवर, दोन्हीकडे लिहून ठेवला.

डावी सिल कापली.

३१ मार्च

डावी झाली, उजवी झाली. मधे होळीचे दोन दिवस सुट्टी. कर्ण पुन्हा मोजले, फरक तीनच मिलिमीटर. काकांनी पुन्हा सगळीकडे ठोकून पाहिलं. आता सिलचा आवाज दोन्हीकडे सारखा येतो.

७ एप्रिल

आज चरख्याचं चित्र कागदावर उतरलं. सगळा हिशोब एका गोष्टीभोवती फिरतो: अक्ष कुठे ठेवायचा.

बॉडीची रुंदी १४६ सेमी, सिलच्या बुडापासून छपरापर्यंत सुमारे १२७. अक्ष सिलच्या बुडापासून ५० सेमी वर धरला तर छपराचा कोपरा अक्षापासून अंदाजे ९५ सेमी लांब येतो आणि सिलचा कोपरा ८८. म्हणजे फिरताना ९५ सेमी त्रिज्येचं वर्तुळ मोकळं पाहिजे. अक्ष जमिनीपासून ११० सेमीवर ठेवला की खाली १५ सेमी जागा उरते. वर २०५ सेमीपर्यंत कोपरा जाईल. आडव्या पट्टीची ट्यूबलाइट त्याच उंचीवर लोंबते आहे, ती भिंतीवर न्यावी लागेल. शेडची रुंदी ११ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना सत्तर-सत्तर सेमी. उभं राहून हात चालेल एवढं पुरे. लांबीत मात्र ओढाताण आहे. १८ फुटांत बॉडी आणि दोन स्टँड बसतात, पण टोकाशी आडवं होऊनच जावं लागेल.

पकड कुठे? पुढून बंपरचे ब्रॅकेट जिथे बसतात तिथे, लांब मेंबरच्या, म्हणजे बॉडीखालच्या उभ्या तुळयांच्या, टोकांना. मागून मला नुसत्या बंपरच्या भोकांवर भरवसा वाटेना. पद्मिनीला मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आहेत, आणि पाट्यांची मागची टांगणी जिथे बसते तो भाग शेतावरच्या खड्ड्यांतून अठरा वर्षं आपटूनही शाबूत आहे. मागचा ब्रॅकेट तिथे धरायचा, बंपरची भोकं फक्त आधाराला.

अक्षाबरोबर फिरणाऱ्या उभ्या खांबावर ब्रॅकेट वरखाली सरकला पाहिजे, कारण बॉडीचा गुरुत्वमध्य आधी कोणालाच नेमका सांगता येत नाही. २५ मिमी अंतरावर भोकं ठेवते आहे. बोल्ट काढा, सरकवा, बोल्ट लावा. माझ्या मते घरच्या शेडसाठी चरखा निवडताना हीच सोय सगळ्यात आधी पाहावी. बाकी लोखंड कमीजास्त चालेल, पण ब्रॅकेट एकाच उंचीला कायम वेल्ड केलेला चरखा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

१३ एप्रिल

इतवारीतून माल आणला. ७२ x ७२ आणि ६० x ६० चे चौकोनी पाइप, दोन्ही ४ मिमी जाडीचे. ७२ च्या आत ६४ उरतात, म्हणून ६० चा पाइप त्याच्या पोटात सरकतो आणि चारी बाजूंनी दोन मिमीची पट्टी घालता येते. दुकानदार तीन मिमीचा घ्या म्हणत होता, वजनाला हलका पडेल म्हणून. हलका नको होता. एकूण १६० किलो, ११,२०० रुपये. दोन स्टँड खालून जोडणारा मधला पाइपही यातच. काही जण तो टाळतात, पाय अडखळतो म्हणून. पण तो नसेल तर दोन स्टँडना एकमेकांपासून दूर जायला अडवणारं काहीच नसतं, बॉडी सोडून. आणि बॉडीनं ते काम करू नये.

१९ एप्रिल, शुक्रवार

लोकसभेचं मतदान. वेल्डर भाऊंचं दुकान बंद. सकाळी ऊन चढायच्या आत बाबांना घेऊन मत देऊन आले. दुपारी अक्षाच्या चकत्यांचं चित्र पूर्ण केलं. १२ मिमी जाड पत्र्याची गोल चकती, कडेनं २४ भोकं, म्हणजे दर १५ अंशांना एक, पिन घालून बॉडी त्या कोनात अडवायला. ही हिंगण्याच्या एमआयडीसीत लेझरवर कापून घेणार. ड्रिल मशीनवर हातानं २४ भोकं एकसारखी येत नाहीत.

२८ एप्रिल

दोन्ही स्टँड उभे झाले. वेल्डर भाऊंनी प्रत्येक जोड आधी टाक्यांवर धरला, गुण्या आणि ओळंबा लावून पाहिला, मगच पूर्ण वेल्ड केला. वेल्डिंगच्या गरमीनं पाइप ओढला जातो, म्हणून समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीनं.

अक्षासाठी पाइपात पाइप आणि ग्रीस एवढंही चाललं असतं, कारण इथे वेग नाहीच. मी ५० मिमीचा रॉड आणि यूसीपी २१० बेअरिंग घेतली. भार पेलणं हे त्याचं कारण नव्हे. हे बेअरिंग त्याच्या हाउसिंगमध्ये थोडं तिरपं होऊन बसतं. माझी फरशी उतरती आहे, दोन्ही अक्ष अगदी एका रेषेत येणं कठीण. घट्ट पाइप असता तर तेवढा पीळ प्रत्येक फेरीत बॉडीवर गेला असता.

पीळ टाळायचा म्हणून भोकांची चकती आणि पिन फक्त पुढच्या स्टँडला ठेवली. मागे नुसता घर्षणाचा क्लॅम्प. दोन्हीकडे पिन असती आणि चकत्या अर्ध्या अंशानं जरी चुकल्या असत्या, तरी दुसरी पिन ठोकून बसवताना आपणच बॉडी पिळली असती. कोणी वर्मगिअर लावतात, त्यात हँडल सोडलं तरी बॉडी जागेवर राहते. छान प्रकार आहे, पण बॉडी नीट तोलली असेल तर गरज पडत नाही असं माझं मत. तोलली नसेल, तर गिअर तो दोष झाकून ठेवतो.

चाकांनी दगा दिला. ज्या दुकानातून घेतली तिथे एका चाकाला दोनशे किलो सांगितले होते. रिकामा स्टँड फरशीच्या सांध्यावरून ढकलला तर एकाचं प्लॅस्टिक तडकलं. बॉडी वर असताना झालं असतं तर? चारही चाकं स्टँडखालून काढून टाकली. त्या जागी जाड बोल्टचे पाय, वरखाली फिरवून लेव्हल करता येणारे. घरच्या शेडमध्ये चरखा हलवायचाय तरी कुठे?

५ मे, रविवार

आज चढवली.

ओळखीच्या भंगारवाल्याकडून लटकता डिजिटल काटा आणला होता. चेन कप्पीनं एकेक टोक उचलून वजन घेतलं: पुढे ११८, मागे १३०, मिळून २४८ किलो, चौकटीतल्या आधारांसकट. भाऊ, त्यांचा पोरगा, शेजारचे दोघे आणि मी. बाबा "हळू, हळू" म्हणत होते, आणि आम्ही खरंच हळू होतो. ब्रॅकेटचे बोल्ट हातानं लागले, कुठेही हातोडी मारावी लागली नाही. खालच्या घोड्या लगेच काढल्या नाहीत, दोन इंच खाली उतरवून तिथेच ठेवल्या. अर्धा तास तसंच राहू दिलं आणि दारांच्या चौकटी मोजल्या. जिथल्या तिथे.

मग घोड्या बाजूला, सगळे बाजूला, एक मीटरचं हँडल मी धरलं आणि भाऊंनी पिन काढली. पहिल्या दहा अंशांत काही वाटलं नाही. तीस अंशांवर बॉडी आपणहून पुढे जायला लागली, छपराचं वजन खाली ओढत होतं. तिघांनी मिळून ती नव्वदवर नेली आणि पिन बसवली.

म्हणजे गुरुत्वमध्य अक्षाच्या वर, छपराकडे होता. किती वर, तेही काढता येतं. नव्वद अंशांवर हँडलच्या टोकाला काटा अडकवून पिन काढली आणि बॉडी तोलून धरली. काटा १७ किलो दाखवत होता. १७ किलो गुणिले एक मीटर, भागिले २४८, म्हणजे साधारण ६.९ सेमी. बॉडी पुन्हा सरळ करून घोड्यांवर टेकवली, दोन्ही ब्रॅकेट तीन-तीन भोकं, साडेसात सेमी, खाली घेतले. आता गुरुत्वमध्य अक्षाच्या अर्धा-पाऊण सेमी खाली. मुद्दामच तसा ठेवला. पिन चुकून निघालीच तर बॉडी उलटी पडू नये, सावकाश सरळ व्हावी.

पुन्हा पिन काढली. या वेळी हँडल एका हातानं फिरलं. बाबा खुर्चीवरून उठून आले, त्यांनीही फिरवून पाहिलं, जाऊन पुन्हा बसले आणि परत एकदा फिरवायला आले.

१२ मे

पूर्ण उलटी केली. पिन १२ नंबरच्या भोकात, चाकं जिथे असतात तिथे आता मोकळं आकाश.

फिरवताना मधल्या क्रॉस मेंबरमधून, म्हणजे फ्लोअरखालच्या आडव्या पोकळ तुळईतून, खड्-खड् आवाज आला आणि ढेकळं पडली. काळी, कोरडी, कडक. हातात घेऊन पाहिलं: एका ढेकळात कापसाची सरकी होती आणि पत्र्याच्या बाजूला गंजाचा लालसर साचा, त्यावर वेल्डचे टिपके जसेच्या तसे उमटलेले. काटोलच्या वाटेवरची माती. ही काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, सुकली की भेगाळते, पुन्हा पाणी पिते. चौदा वर्षं ती तिथे बसून पत्रा खात होती. पाठीवर पडून ब्रश मारला असता तर ही मला कधीच दिसली नसती, कारण ती मेंबरच्या आत होती. सगळी मिळून घमेलंभर निघाली. बाबांनी एक ढेकूळ फोडून पाहिलं आणि ते कोणत्या वळणावरचं असेल ते सांगत बसले.

फ्लोअरला पाच ठिकाणी नवा पत्रा लागेल.

२६ मे

पारा पंचेचाळीसच्या पुढे. टिनाखाली दहानंतर थांबणं शक्यच नाही. पहाटे पाच ते साडेआठ एवढंच काम. पाचही तुकडे लागले.

दोन गोष्टी लिहून ठेवते. वेल्डिंगच्या अर्थिंगचा क्लॅम्प स्टँडला लावायचा नाही. तसं केलं तर करंट बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो आणि त्यांवर खड्डे पाडतो. क्लॅम्प बॉडीवर, जोडाच्या जवळात जवळ. दुसरं, चासी नंबर. ग्राइंडर हातात घेण्याआधी नंबराच्या जागेवर ग्रीस आणि वर टेप. आरटीओत नोंदणीच्या नूतनीकरणाला तो नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे आणि पेन्सिलनं त्याचा ठसा उठला पाहिजे. तो घासला गेला तर एवढ्या मेहनतीनं उभी केलेली गाडी रस्त्यावर आणताना नाकी नऊ येतील.

९ जून

संध्याकाळी पश्चिमेकडून ढग येऊ लागलेत. उघडा पत्रा पावसाच्या हवेत एका रात्रीत लाल होतो, म्हणून तळाचा इपॉक्सी प्रायमर आजच मारला. बॉडी नव्वदवर, तळ भिंतीसारखा समोर. पातळ हात, ओघळ नाही. अर्धा झाल्यावर तीस अंश पुढे कलवून क्रॉस मेंबरच्या आतल्या कडा मारल्या, मग परत नव्वद. मिस्त्री काका बाहेर आंब्याच्या सावलीत उभे होते. प्रायमर सुकल्यावर आत आले, चष्मा लावून एकेक जोड पाहत गेले. कुठेही ठोकलं नाही.

"माह्या टायमाला हा चरखा पाह्यजे होता ताई," एवढंच म्हणाले, आणि गुडघा धरून बसले. चाळीस वर्षं गाड्यांखाली पाठीवर काढली आहेत त्यांनी.

पिन ६ नंबरच्या भोकात आहे. उद्या पहाटे १८ ला नेऊन डावी सिल.